नत्रवायू धरणारा पाषाण

२०२१ सालच्या मे महिन्याच्या मध्यास, जेव्हा कोविडच्या साथीमुळे बंगळुरूच्या रुग्णालयांत खाट मिळणे दुरापास्त झाले होते आणि कोरमंगल्याकडून निघून आगरा, इब्बलूर, कैकोंद्रहळ्ळी, दोड्डकन्नेल्ली अशी एकामागून एक जुनी खेडी पोटात घेत दोम्मसंद्र्यावरून सर्जापूरच्या गावठाणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील गृहसंकुलांत घरोघरी प्राणवायूवाचून दुसरा विषय उरला नव्हता, तेव्हा रोमहून निघालेली एअर इंडियाची दोन विमाने ह्या शहराच्या उत्तरेस देवनहळ्ळीच्या विमानतळावर उतरली. त्यांत औषध नव्हते आणि प्राणवायूही नव्हता. होते ते सुमारे ३५ टन वजनाचे, मोहरीहून फारसे मोठे नसलेले, मातकट पांढरे मणी. त्या मण्यांचे नाव झिओलाइट. संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या (डीआरडीओच्या) प्राणवायू-संयंत्रांसाठी त्यांची ही तातडीची रवानगी होती. रोमहून सात आणि त्यांच्यामागून कोरियाहून आठ फेऱ्यांची तजवीज अवघ्या आठवड्याभरात करण्यात आली होती, आणि ब्रसेल्स, टोकियो व अमेरिका येथूनही हाच जिन्नस उचलण्याचे ठरले होते.

ही बातमी तेव्हा वर्तमानपत्रांत आली आणि त्या दिवसांच्या आकांतात विरूनही गेली. परंतु ज्याला महाराष्ट्राचा भूगोल आणि पुण्याच्या विज्ञानसंस्थांचा इतिहास थोडाबहुत ठाऊक आहे, त्याने तिच्यापाशी थांबावे अशी ती होती. कारण ज्या खनिजकुलातील हे मणी, त्या कुळाचे अत्यंत देखणे स्फटिक सह्याद्रीच्या पोटात जागोजाग सापडतात, इतके की जगातील थोर खनिजसंग्रहालये पुणे, नाशिक, जळगाव येथील नमुन्यांवाचून अपुरी समजली जातात. आणि ह्या स्फटिकांच्या विद्येचा एक फार मोठा अधिकारी पुरुष स्वतंत्र भारताच्या अगदी आरंभीच्या वर्षांत पुण्यास येऊन राहिला होता. असे असता संकटकाळी हा जिन्नस आपल्याला विमाने धाडून आणावा लागला, ह्याची कारणपरंपरा दीडशे वर्षांहून अधिक मागे जाते.

झिओलाइटची शास्त्रीय नोंद प्रथम १७५६ साली स्वीडनमधील खनिजशास्त्रज्ञ आक्सेल क्रोनस्टेट ह्याने केली. फुंकनळीच्या ज्वाळेत धरताच हा स्फटिक फसफसतो आणि त्यातून वाफ निघते असे त्याला आढळले, आणि 'उकळणारा दगड' ह्या अर्थाचे ग्रीक नाव त्याने त्यास दिले. पुढे १८४० साली दामूर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखविले की ह्या स्फटिकातील पाणी उष्णतेने घालविता येते, पुन्हा भरता येते, आणि ह्या जाण्यायेण्यात स्फटिकाची बांधणी ढळत नाही. सर्व झिओलाइटांना हे सारखेच लागू नाही, हे मागाहून कळले. पण ज्यांना लागू आहे त्यांच्याच वाट्याला पुढील सारा इतिहास आला. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि प्राणवायू ह्यांच्या अणूंनी रचलेला तो एक सच्छिद्र सांगाडा असतो. त्यातील दालने व दारे इतकी सूक्ष्म की त्यांतून एकेका रेणूनेच जावे. सांगाड्यातील प्रत्येक ॲल्युमिनियम अणूमागे एक ऋण विद्युत्भार शिल्लक राहतो आणि त्याची फेड करण्यासाठी सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम ह्यांसारखे धन आयन त्या दालनांत वस्तीला असतात. त्या आयनांचा हा मुक्कामच पुढे औद्योगिक जगात फार मोलाचा ठरला.

आपल्याकडे ह्या दगडाची ओळख घडली ती रेल्वेमुळे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थर पसरले, त्यांतील वायूंच्या बुडबुड्यांनी थिजलेल्या बेसाल्टमध्ये पोकळ्या राहिल्या, आणि त्या पोकळ्यांत झिरपणाऱ्या ऊन पाण्याने कालांतराने स्टिल्बाइट, ह्यूलॅंडाइट, मेसोलाइट, स्कोलेसाइट असे झिओलाइट आणि त्यांच्या सोबतीने ॲपोफिलाइटसारखी इतर खनिजे निर्माण केली. हे भांडार कातळाच्या आत बंद होते. १८५६ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बोरघाटाचे काम हाती घेतले आणि २५ बोगदे खोदून १८६३ च्या एप्रिलात गाडी घाट चढली, तेव्हा ते प्रथमच मोठ्या प्रमाणावर उघडे पडले. ह्या घाटाचा मक्ता घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात आल्यावर अल्पावधीतच निवर्तला आणि त्याची विधवा ॲलिस हिने ते काम तडीस नेले, ही हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. एका वेळी चाळीस हजारांवर मजूर त्या डोंगरात राबत होते आणि पटकीने त्यांतील असंख्य दगावले, हेही त्याच हकीकतीचे अंग होय. सुरुंगाने फुटलेल्या कातळातून निघालेले पारदर्शक व पांढरेशुभ्र स्फटिक साहेब लोकांनी उचलले, कापसात गुंडाळले, आणि ते युरोपच्या संग्रहालयांत जाऊन पोचले. ते खोदून काढणाऱ्या हातांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. वाघोलीच्या खाणींत अथवा नाशिक जिल्ह्यातील विहिरी खणताना आजही गारगोट्या निघतात आणि त्यांतील उत्तम त्या बाहेरदेशी विकल्या जातात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ह्या वैभवाचा काही भाग तरी आपल्याच मुलखात पाहावयास मिळतो ही समाधानाची गोष्ट आहे.

बंगळुरूचा खडक निराळा. तो नाइस जातीचा, सुमारे तीनशे कोटी वर्षे वयाचा. लालबागेतील टेकडी त्याचीच, आणि सर्जापूर रोडवर इमारतींचे पाये खणताना यंत्रांना दिवसेंदिवस दाद न देणारा दगडही तोच. त्यात असल्या पोकळ्या नाहीत. शहाजीराजांच्या जहागिरीचे हे शहर मराठी माणसाला परके वाटत नाही, परंतु सह्याद्रीचा स्फटिक मात्र इथल्या मातीत सापडावयाचा नाही. इथे तो आला तो कारखान्यात घडविलेल्या रूपाने.

तो कारखान्यात कसा आला, हे सांगण्यापूर्वी पुण्याच्या पाषाण रस्त्यावरील एका खुर्चीविषयी सांगणे अवश्य आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची कोनशिला १९४७ च्या एप्रिलात बाळासाहेब खेरांनी बसविली आणि ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. तिचे पहिले संचालक म्हणून आले ते जेम्स विल्यम मॅकबेन. कॅनडात जन्मलेले, ब्रिस्टल येथे नावारूपास आलेले आणि पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केलेले हे रसायनज्ञ, घन पदार्थ वायूंना कसे धरतात ह्या प्रश्नाचे त्या काळातील प्रमाणभूत ज्ञाते होते. वायू घनाच्या केवळ पृष्ठभागावर बसतो की त्याच्या अंगात मुरतो ह्याचा निवाडा पुष्कळदा करता येत नाही, म्हणून दोहोंना कवेत घेणारी शोषणाची व्यापक संज्ञा १९०९ साली त्यांनीच रूढ केली. आणि १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, चॅबाझाइट नावाचा झिओलाइट लहान रेणूंना आत घेतो व मोठ्यांना दाराशीच थोपवितो हे ध्यानी घेऊन, त्यांनी अशा पदार्थांना रेणूंची चाळणी असे नाव दिले. 'मॉलिक्युलर सीव्ह' हे आज जगातल्या प्रत्येक वायुकारखान्याच्या खरेदीपत्रकावर असणारे शब्द ज्या लेखणीतून उतरले, ती लेखणी स्वतंत्र भारताच्या आरंभीच्या काळात दोन-तीन वर्षे पुण्यात होती.

१९५२ साली मॅकबेन संचालकपद सोडून गेले आणि त्यांच्या जागी आले जॉर्ज इंगल फिंच. हे नाव गिर्यारोहकांना अधिक परिचयाचे. १९२२ सालच्या एव्हरेस्ट मोहिमेत प्राणवायूच्या नळकांड्या पाठीवर बांधून चढणे हे मर्दुमकीला कमीपणा आणणारे आहे असे अनेक मातब्बर मानीत असता, फिंच ह्यांनी रसायनज्ञाच्या बुद्धीने त्याचा पुरस्कार केला आणि जेफ्री ब्रूससह २७,३०० फुटांपर्यंत, म्हणजे तोवर कोणीही पोचले नव्हते इतक्या उंचीपर्यंत, मजल मारून आपले म्हणणे सिद्ध केले. १९५३ च्या मे महिन्यात तेनसिंग व हिलरी प्राणवायूच्या साहाय्याने शिखरावर उभे राहिले, तेव्हा ह्या पद्धतीचा हा आद्य पुरस्कर्ता पाषाण रस्त्यावरील त्याच कचेरीत संचालक होता. रेणूंच्या चाळणीचा नामकर्ता आणि माणसाला प्राणवायू पाठीवर देऊन उंच नेणारा प्रयोगकर्ता, हे दोघे लागोपाठ एकाच खुर्चीवर बसून गेले. त्यांच्या विद्या एकत्र आल्या असत्या तर काय घडले असते, असा प्रश्न २०२१ नंतर मला अनेकदा पडला आहे. परंतु त्या काळी देशापुढे औषधे, रंग, खते आणि साखर असे निकडीचे प्रश्न होते, आणि चाळणीने हवा चाळण्याची युक्ती तेव्हा खुद्द पाश्चात्त्य देशांतही प्रयोगशाळेबाहेर पडलेली नव्हती.

ती बाहेर पडत होती अमेरिकेत. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले रिचर्ड बॅरर ह्यांनी १९४० च्या दशकात ब्रिटनमध्ये राहून झिओलाइटांच्या साहाय्याने वायूंचे विभाजन पद्धतशीरपणे अभ्यासले आणि निसर्गात आढळत नसलेला झिओलाइट १९४८ साली प्रयोगशाळेत बनविला. ते काम वाचून युनियन कार्बाइड कंपनीच्या लिंडे शाखेतील रॉबर्ट मिल्टन ह्या तरुण संशोधकाने विचार केला की हवा अतिशीत करून तिचे ऊर्ध्वपातन करण्याऐवजी ती खनिजाने चाळता येईल काय. निसर्गातील चॅबाझाइट त्यासाठी बरा होता, पण तो पुरेसा मिळत नव्हता. १९४९ पासून पुढील काही वर्षांत मिल्टन व त्याचे सहकारी ह्यांनी पाणी उकळते त्याच्या आसपासच्याच तापमानाला, सोडियमयुक्त गाळापासून, 'ए' आणि 'एक्स' ह्या नावांनी आज प्रसिद्ध असलेले झिओलाइट घडविले; डोंगराला ज्या कामासाठी युगे लागली ते भांड्यात काही तासांवर आले, आणि १९५४ साली तो माल बाजारात गेला. भोपाळच्या १९८४ च्या संहारामुळे ज्या कंपनीचे नाव आपल्या देशात कायमचे काळवंडले, तिच्याच एका शाखेचे हे कर्तृत्व आहे, हे नमूद करणे इतिहासलेखकास प्राप्त आहे. तिचा हा व्यवसाय पुढे यूओपी ह्या कंपनीत विलीन झाला, यूओपी हनीवेलकडे गेली, आणि २०२१ साली डीआरडीओला झिओलाइट पुरविण्याचा करार झाला तो ह्याच वारसदाराशी.

आता हवा चाळली जाते म्हणजे नेमके काय होते, ते नीट समजून घेणे जरूर आहे. कारण चाळणी ह्या शब्दाने येथे दिशाभूल होण्याचा संभव आहे. हवेत ७८ टक्के नत्रवायू, २१ टक्के प्राणवायू आणि एक टक्क्याहून थोडा कमी अर्गॉन असतो. नत्रवायूचा रेणू प्राणवायूच्या रेणूपेक्षा मोठा खरा, पण तो फरक अत्यल्प. 'एक्स' झिओलाइटच्या दारांतून दोघेही सहज आत जातात. आत गेल्यावर मात्र त्यांचे नशीब वेगळे होते. नत्रवायूच्या रेणूतील विद्युत्भाराची मांडणी अशी आहे की तो दालनांतील धन आयनांकडे प्राणवायूपेक्षा पुष्कळ अधिक ओढला जातो व तेथेच चिकटून राहतो. ह्या चिकटण्याला शास्त्रात अधिशोषण म्हणतात. त्यात रासायनिक बंध तुटत वा जुळत नाहीत, म्हणूनच दाब कमी करताच रेणू निमूटपणे सुटतो. सोडियमच्या जागी लिथियम बसविले तर त्याच्या लहान आकारामुळे त्याचे विद्युत्क्षेत्र अधिक प्रखर असते आणि नत्रवायू अधिकच घट्ट धरला जातो, हे १९८० च्या दशकाच्या अखेरीस युनियन कार्बाइडच्याच संशोधकांनी दाखविले, आणि तेव्हापासून प्राणवायूसाठी लिथियमयुक्त 'एक्स' हा उत्तमातला उत्तम जिन्नस मानला जातो. अर्गॉन मात्र प्राणवायूसारखाच वागतो व त्याच्याबरोबर निसटतो. म्हणून अशा संयंत्रातील प्राणवायू ९५ टक्क्यांच्या आसपासच अडतो, आणि ९३ टक्क्यांचा प्राणवायू वैद्यकीय उपयोगास ग्राह्य धरला जातो.

दगड नत्रवायूने भरला की पुढे काय, ह्या प्रश्नाचे उत्तर फ्रान्समध्ये एअर लिकीड कंपनीच्या दोघा संशोधकांनी आणि अमेरिकेत एस्सो कंपनीच्या चार्ल्स स्कारस्ट्रॉम ह्याने १९५७-५८ च्या सुमारास स्वतंत्रपणे शोधले. दोन टाक्या घ्याव्यात. एकीत हवा दाबाने सोडावी, तेथे नत्रवायू अडकतो व प्राणवायू पुढे जातो. तेवढ्या वेळात दुसरीचा दाब उतरवून तिच्यातील साठलेला नत्रवायू बाहेर टाकावा, आणि मग कामे बदलावीत. दुमोटी विहिरीवर एक मोट भरून वर येत असता दुसरी रिकामी होऊन खाली उतरते, तसा हा अखंड व्यवहार चालतो. फरक एवढाच की येथे एक फेरा कित्येकदा मिनिटाच्या आत पुरा होतो. सर्जापूर रोडवरील गृहसंकुलांनी त्या वैशाखात वर्गणी काढून जी घरगुती प्राणवायू-यंत्रे आणली, ज्यांना आपल्याकडे 'कॉन्सन्ट्रेटर' म्हणूनच ओळखले जाते, त्यांतून काही सेकंदांच्या अंतराने येणारा सुस्कारा हा ह्याच पालटाचा आवाज. प्रस्तुत लेखक ह्याच रस्त्यावर राहतो, आणि तो आवाज भिंतीपलीकडून ऐकत काढलेल्या रात्री त्याच्या चांगल्या स्मरणात आहेत.

भारतात ह्या विद्येचा अगदीच अभाव होता असे मात्र समजू नये. पुण्याच्या त्याच प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झिओलाइटचा उत्प्रेरक म्हणून उपयोग साधला, 'एन्सिलाइट' ह्या नावाचा स्वदेशी झिओलाइट घडविला, आणि १९८५ साली बडोद्याच्या आयपीसीएल कारखान्यात तो झायलीनच्या उत्पादनासाठी प्रत्यक्ष कामाला लागला. ज्या काळी परदेशी कंपन्या असले तंत्रज्ञान कोणत्याही किमतीस देण्यास नाखूश असत, त्या काळातील ही कामगिरी असामान्य होय. भावनगरच्या मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेतही प्राणवायूच्या अधिशोषकांवर वर्षानुवर्षे काम झाले. इकडे बंगळुरूच्या सी. व्ही. रामन नगरातील संरक्षण जैवअभियांत्रिकी व विद्युत्-वैद्यकीय प्रयोगशाळेने 'तेजस' लढाऊ विमानाच्या वैमानिकासाठी, इंजिनातून घेतलेली हवा झिओलाइटने चाळून विमानातच प्राणवायू निर्माण करणारी यंत्रणा विकसित केली, आणि तिचेच मोठे रूप ईशान्य भारतात व लडाखमध्ये सैन्यासाठी उभारले. ज्ञान होते, यंत्र होते. नव्हता तो टनांनी लागणाऱ्या मण्यांचा साठा.

मग २०२१ चा एप्रिल आला. कोविडच्या पहिल्या लाटेत देशाची वैद्यकीय प्राणवायूची कमाल मागणी दिवसाला ३,०९५ टन होती; ती दुसऱ्या लाटेत ९,००० टनांच्या घरात गेली. द्रवरूप प्राणवायू पूर्वेकडील पोलादाच्या कारखान्यांत, रुग्ण पश्चिमेस व दक्षिणेस, अशी विषम वाटणी. १९ एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर सपाट वाघिणींवर चढवून पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस विशाखापट्टणमला निघाली, परंतु इतक्या उंच मालाला सह्याद्रीच्या घाटातून नेण्याची परवानगी नसल्याने तिला वसई-सुरत-भुसावळ असा वळसा घ्यावा लागला. २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकी भरताना गळती झाली आणि प्राणवायूचा दाब पडून त्या एका दिवशी २२ रुग्ण दगावले. ज्या जिल्ह्याच्या कातळात झिओलाइटचे जगद्विख्यात स्फटिक आहेत त्याच जिल्ह्यात हे घडले. मे महिन्याच्या आरंभी कर्नाटकात चामराजनगरच्या जिल्हा रुग्णालयात प्राणवायूच्या तुटवड्याने तसाच अनर्थ झाला आणि एका दिवसाच्या आत २४ जणांचा अंत झाला. ११ मे रोजी टाटानगरहून १२० टन प्राणवायू घेऊन पहिली गाडी बंगळुरूच्या व्हाइटफील्ड येथे पोचली. सर्जापूर रोडपासून ते ठिकाण जवळच, आणि ती पोचल्याच्या बातमीने ह्या भागात ज्या समाधानाची लहर पसरली तिचे वर्णन करणे कठीण आहे.

ह्याच दिवसांत पवईच्या आयआयटीत एक अत्यंत सुबक युक्ती निघाली. अन्न व औषधे ह्यांच्या कारखान्यांत हवेतून नत्रवायू काढणारी संयंत्रे ठिकठिकाणी असतात. त्यांत झिओलाइटऐवजी कार्बनची चाळणी असते, आणि तिच्या अतिअरुंद छिद्रांतून किंचित लहान असलेला प्राणवायू लवकर आत शिरून अडकतो व नत्रवायू पुढे निघतो. प्राध्यापक मिलिंद अत्रे ह्यांच्या नेतृत्वाखालील मंडळींनी आपल्या शीतविज्ञान प्रयोगशाळेतील असल्याच एका संयंत्रातून कार्बन काढून झिओलाइट भरला, यंत्रणेची जुळणी बदलली, आणि तीन दिवसांत ३.५ वातावरण दाबाने ९३ ते ९६ टक्के शुद्धतेचा प्राणवायू मिळविला. नवे संयंत्र उभारण्याच्या खर्चाच्या १० ते १५ टक्क्यांत हे साधत होते. टाटा कन्सल्टिंग इंजिनियर्स आणि मुंबईची स्पॅनटेक ह्यांच्या सहकार्याने झालेला हा प्रयोग एप्रिलअखेर जाहीर झाला. रेणूंचे शास्त्र ज्यांच्या हाडीमाशी खिळले आहे त्यांनाच संकटात असे सुचते.

२८ एप्रिलला केंद्राने पीएम केअर्स निधीतून तीन महिन्यांत ५०० संयंत्रे उभारण्याची घोषणा केली. डीआरडीओच्या बंगळुरूतील प्रयोगशाळेचे तंत्र टाटा अॅडव्हान्स्ड सिस्टिम्स व कोइंबतूरच्या ट्रायडेंट न्यूमॅटिक्स ह्यांना देण्यात आले. त्यांनी ३८० आणि डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेच्या तंत्राने इतर उद्योजकांनी १२० संयंत्रे बांधावयाची होती. डीआरडीओचे एक संयंत्र मिनिटाला १,००० लिटर प्राणवायू देते. मिनिटाला ५ लिटर ह्या मानाने १९० रुग्णांना ते पुरे पडते. लोखंडी टाक्या, झडपा, दाबयंत्रे देशात मिळाली. मण्यांसाठी विमाने धाडावी लागली. ज्या रस्त्यावरील दोड्डकन्नेल्लीत मुख्यालय असलेल्या विप्रोने आदल्याच वर्षी पुण्याच्या हिंजवडीतील आपली इमारत ४५० खाटांच्या रुग्णालयासाठी दिली होती, त्या रस्त्यावर सद्भावनेची वाण नव्हती. पैसा होता, अभियंते होते, यंत्रे मागविण्याची तत्परता होती. परंतु लिथियमयुक्त 'एक्स'चा कारखाना सद्भावनेने एका महिन्यात उभा राहत नाही. ७ ऑक्टोबर २०२१ पर्यंत ह्या निधीतून मंजूर झालेल्या १,२२४ संयंत्रांपैकी ११०० हून अधिक सुरू झाली होती, हे ह्या प्रकरणाचे उज्ज्वल अंग आहे आणि ते कृतज्ञतेने नोंदविले पाहिजे.

येथे सह्याद्रीच्या स्फटिकांवरील एक समजूत दूर करणे योग्य. ते आपल्या कामी का आले नाहीत, असा प्रश्न सहज उद्भवतो. स्टिल्बाइट व ह्यूलॅंडाइट तापविले की त्यांची बांधणी खचते. शिवाय ते पोकळ्यांत विखुरलेले, टनांनी एकसारखे मिळणारे नव्हेत. निसर्गाने दिलेला झिओलाइट नुसता असून भागत नाही. त्याचे शास्त्र आत्मसात करून हवा तसा घडवावा लागतो, आणि मिल्टनने १९४९ साली नेमके तेच केले. आपण उणे पडलो ते खनिजात नव्हे. पुण्यात १९८५ साली जे साधले त्याचा विस्तार वायूंच्या अधिशोषकांपर्यंत, कारखान्याच्या पायरीपर्यंत, तितक्याच निष्ठेने झाला नाही, हा माझा आरोप आहे, आणि तो कोणा एका संस्थेवर नसून आपणा सर्वांच्या अल्पसंतुष्टतेवर आहे.

हा प्रश्न प्राणवायूपाशी संपत नाही. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूतील विद्युत्मांडणी झिओलाइटच्या आयनांकडे नत्रवायूच्या सुमारे तिपटीने ओढली जाणारी आहे. म्हणून वीजकेंद्रांच्या धुराड्यातून तो वेगळा काढण्यासाठी '१३ एक्स' जातीचा झिओलाइट जगभर कसोटीचा दगड मानला जातो. १९७३ साली अमेरिकेच्या स्कायलॅब अवकाशस्थानकात अंतराळवीरांच्या उच्छ्वासातील हा वायू झिओलाइटनेच काढला जात असे, आणि आजच्या आंतरराष्ट्रीय स्थानकातही तीच पद्धत आहे. जमिनीवर अडचण निराळी. २,९२० मेगावॉट क्षमतेच्या चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्राच्या धुरात हा वायू १२ ते १५ टक्के असतो, पण सोबत पाण्याची वाफ असते, आणि पाण्याचा रेणू झिओलाइटला इतका प्रिय की तो आला की इतरांस जागा उरत नाही. धूर आधी कोरडा करावा लागतो, मग धरलेला वायू सोडविण्यासाठी उष्णता वा निर्वात लागतो, आणि ह्या दोन्हींचा खर्च विजेच्याच उत्पन्नातून जातो. एक टन कार्बन जळाला की ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो, हे प्रमाण ध्यानी धरले म्हणजे किती मोठ्या राशीने अधिशोषक लागतील ह्याची कल्पना येते. सर्जापूर रोडवर संध्याकाळी तासन्‌तास खोळंबलेल्या मोटारींचा धूर हवेत मिसळून गेला की त्यातील हा वायू ०.०४ टक्क्यांच्या सागरात विरतो आणि पुन्हा वेचणे अतिशय महाग पडते. म्हणून धरावयाचा तर तो धुराड्याच्या तोंडाशीच धरला पाहिजे. २०२२ सालच्या फेब्रुवारीत केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने कार्बन पकडण्याच्या संशोधनासाठी दोन राष्ट्रीय केंद्रे जाहीर केली, एक पवईच्या आयआयटीत आणि दुसरे बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात. जागा अचूक निवडल्या आहेत. तेथे होणारे काम निबंधांत न राहता मण्यांच्या पोत्यांत उतरावे, इतकी अपेक्षा ठेवण्याचा नागरिकास हक्क आहे.

वाचकांस एक विनंती करून हा लेख पुरा करतो. आपल्या तालुक्याच्या अथवा जिल्ह्याच्या रुग्णालयात २०२१ साली उभारलेले प्राणवायू-संयंत्र असेल, तर ते शेवटचे केव्हा चालविले, त्यात जाणारी हवा कोरडी करणारी यंत्रणा धड आहे काय, आणि टाक्यांतील झिओलाइट कधी तपासला होता, हे तीन प्रश्न तेथील अधिकाऱ्यांस लेखी विचारावेत. बंद पडलेल्या संयंत्रात दमट हवा शिरली की पावसाळ्या-दोन पावसाळ्यांत मणी पाण्याने भरतात आणि नत्रवायू धरीनासे होतात. मग टाकी उभी दिसते, पण तिच्यातून निघते ती साधी हवा.